‘प्रोटीनचं काय?’ हा प्रश्न एवढा का टोचतो

पत्राचा सारांश: एकतीस वर्षांच्या एक वाचक अडीच महिन्यांपूर्वी व्हीगन झाल्या. मांस-मासे त्या आधीही क्वचितच खात. दूध, दही, चीज आणि अंडी मात्र रोजची होती, ती त्यांनी एका दिवसात बंद केली. निर्णय प्राण्यांचा विचार करून घेतलेला आहे आणि तो मनापासून पटलेला आहे. पण तेव्हापासून दुपारनंतर गळून गेल्यासारखं होतं, पोट फुगतं, चिडचिड होते. वजन ६० किलोवरून ५६वर आलं (‘खरं सांगायचं तर त्याचं बरंच वाटलं’). सकाळी फळं आणि बदामाच्या दुधातली कॉफी, दुपारी भात आणि सॅलड, रात्री भाजी आणि पाव, असं सध्या जेवण आहे. ‘माझ्या हातचं आता तुला चालत नाही’ म्हणून आई दुखावली आहे. ऑफिसात ‘आज कुठलं गवत?’ हा विनोद रोज होतो. नवरा सोबत आहे, पण त्याच्या मते हे जरा अतिच. आणि जो तो प्रोटीनबद्दल विचारतो. तीन आठवड्यांनी भावाकडे सगळ्यांचं जेवण आहे. त्या विचारतात, ‘शरीराला मानवत नाही असं समजून हे सोडून द्यावं, की लोकांत जेवणंच बंद करावं?’

तुम्ही थकवा एका पारड्यात ठेवलाय आणि माणसं दुसऱ्यात. तुमचं दिवसभराचं जेवण वाचल्यावर मला तरी ही एकच गोष्ट वाटते. तुम्ही उपाशी आहात, आणि उपाशी माणसाला साधा प्रश्नसुद्धा टोमणा वाटतो.

हिशेब करून बघा. पूर्वी दिवसाला दोन कप दूध-दही, दोन अंडी आणि चीजचा एखादा तुकडा जात असेल असं धरू. त्यातून साधारण ३५ ग्रॅम प्रोटीन आणि साडेपाचशेच्या आसपास कॅलरी मिळत होत्या. त्या जागी आलं काय? बदामाचं दूध, ज्याच्या एका कपात जेमतेम एक ग्रॅम प्रोटीन असतं, आणि सॅलड, जे पोट भरतं पण ताकद देत नाही. रोज साडेचारशे-पाचशे कॅलरी कमी पडल्या तर अडीच महिन्यांत चार किलो उतरणं हे गणितात अगदी बसतं. तेव्हा ‘शरीराला मानवत नाही’ या वाक्याला अजून पुरावाच नाही. तुम्ही ताटातून चार गोष्टी काढल्यात. त्यांच्या जागी काही ठेवलेलं नाही. नव्यानं व्हीगन झालेल्यांची सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती मांसाहार सोडणाऱ्यांपेक्षा दूध-अंडी सोडणाऱ्यांकडून जास्त होते, कारण दूध हे आपण अन्न म्हणून मोजतच नाही. ते चहा-कॉफीत विरघळून गेलेलं असतं.

म्हणून लोकांचं नंतर बघू. आधी ताट.

दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅम प्रोटीन, एवढं लक्ष्य तुम्हाला पुरे. म्हणजे ६० ग्रॅम. एक कप शिजलेली मसूर १८ ग्रॅम देते. दीडशे ग्रॅम घट्ट टोफू साधारण तेवढंच. दोन कप सोयाचं दूध १४ ग्रॅम आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाणे ७ ग्रॅम. एवढ्यावर आकडा ५७पर्यंत जातो आणि भात-पाव-ओट्समधलं वरचं धरलं की लक्ष्य ओलांडतं. प्रत्येक घासात सगळी अमिनो आम्लं जुळवण्याची जुनी कसरत करायची गरज नाही. दिवसभरात धान्य आणि कडधान्य दोन्ही पोटात गेली की झालं. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते कडधान्यांत आणि सोयाबीनमध्ये भरपूर असतं. ज्या जेवणात डाळ, कडधान्य, टोफू किंवा सोया यांतलं काहीच नाही ते जेवण अपुरं, हा एकच नियम फ्रिजवर लिहून ठेवा. तुमच्या सध्याच्या तिन्ही जेवणांत यांतलं काहीही नाही.

बदामाचं दूध चवीसाठी ठेवायचं तर ठेवा, पण रोजचं दूध सोयाचं करा, तेही कॅल्शियम आणि बी-१२ घातलेलं. पाकिटावर १०० मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम लिहिलेलं असेल तर ते गाईच्या दुधाच्या तोडीचं. ओतण्यापूर्वी पाकीट जोरात हलवायचं. घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं आणि न हलवणारा ते शेवटी कचऱ्यात टाकतो. कॉफीत हे दूध फाटतं अशी तक्रार सगळ्यांची असते. कारण कॉफीचा आंबटपणा आणि उष्णता एकदम मिळते. दूध आधी कोमट करून कपात घ्या आणि त्यावर जरा निवलेली कॉफी हळूहळू ओता, म्हणजे सहसा फाटत नाही. दही लावायचं असेल तर फक्त सोयाबीन आणि पाणी एवढेच घटक असलेलं दूध घ्या. लिटरला दोन मोठे चमचे जिवंत विरजण असलेलं वनस्पतिजन्य दही मिसळा आणि ४२ ते ४५ अंशांवर सहा ते आठ तास ठेवा. बदामाचं दूध असं लागत नाही, त्यात गोठण्याइतकं प्रोटीनच नसतं.

कॅल्शियमची रोजची गरज सुमारे १,००० मिलिग्रॅम. दोन कप दुधातून पाचशेच्या वर मिळतं, उरलेलं टोफू आणि पालेभाज्यांतून. टोफू घेताना घटकांत ‘कॅल्शियम सल्फेट’ आहे का ते पाहा, कारण सगळ्याच टोफूत ते नसतं. पालकावर मात्र विसंबू नका. त्यात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण पालकातलंच ऑक्झलेट नावाचं द्रव्य ते धरून ठेवतं आणि अंगी लागतं जेमतेम पाच टक्के. केल किंवा पाक चोईसारख्या भाज्यांतलं जवळजवळ निम्मं शोषलं जातं.

आता बी-१२. इथं सवलत नाही. हे जीवनसत्त्व जिवाणू तयार करतात. वनस्पतींत ते भरवशानं मिळत नाही. स्पिरुलिना आणि समुद्री शेवाळात जे सापडतं ते बरंचसं दिसायला तसंच, पण माणसाच्या शरीराला निरुपयोगी असतं. रोज ५० मायक्रोग्रॅमची गोळी किंवा आठवड्यातून दोनदा १,००० मायक्रोग्रॅम, यांतलं एक कायमचं ठरवून टाका. गरज दिवसाला अडीच मायक्रोग्रॅमच्या आत असताना गोळी एवढी मोठी कशाला, असं वाटेल. एका वेळी शरीराची नेहमीची वाट फक्त दीड-दोन मायक्रोग्रॅम आत घेते, त्यापुढचं साधारण एक टक्काच झिरपतं. म्हणून डोस जितका विरळ तितका मोठा. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, हीच त्यातली फसवी गोष्ट. ‘दोन वर्षं झाली, मला काही होत नाही’ असं सांगणारे तो साठाच खात असतात, आणि हातापायांना मुंग्या येऊ लागल्या की मज्जातंतूंचं नुकसान सुरू झालेलं असतं. तुमचा अडीच महिन्यांतला थकवा मात्र बी-१२ सोडल्यामुळे असणं अवघड आहे, साठा आधीच कमी असेल तर गोष्ट वेगळी. तेवढ्यासाठी गोळी सुरू करण्यापूर्वी, याच आठवड्यात रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिनसकट पूर्ण तपासणी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२, डी जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी). गोळी चालू केल्यावर रक्तातला आकडा चढतो आणि मूळ चित्र झाकलं जातं. फॉलिक ॲसिड, मधुमेहावरचं मेटफॉर्मिन किंवा रोजची ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. पहिल्यामुळे बी-१२च्या कमतरतेतला ॲनिमिया लपू शकतो, उरलेल्या दोन्हींमुळे बी-१२ कमी शोषलं जातं.

फेरिटिनचा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण पाळी येणाऱ्या बायकांत लोह बऱ्याचदा आधीपासूनच काठावर असतं. कडधान्यांवर लिंबू पिळा किंवा सोबत ढोबळी मिरची, टोमॅटो, संत्रं घ्या. सी जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतलं लोह कितीतरी जास्त उचललं जातं. चहा-कॉफी जेवणाला चिकटून नको, तासाभराचं अंतर ठेवा. लोहाच्या गोळ्या रिपोर्ट पाहिल्याशिवाय स्वतःहून सुरू करू नका.

बाकीचं थोडक्यात. मीठ आयोडीनयुक्त वापरा. गुलाबी किंवा समुद्री मीठ घेत असाल तर आयोडीन बुडालं, कारण ते बहुतेकदा दुधातूनच येत होतं. जवस रोज एक मोठा चमचा, पण भरडून. अख्खं जवस आल्यासारखं जातं. डी-३ची गोळी बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतल्या चिकट द्रव्यापासून बनते. व्हीगन हवी तर लायकेनपासूनची (दगडफुलासारख्या वनस्पतीपासूनची) डी-३ किंवा डी-२ घ्या.

पोट फुगण्याबद्दल घाबरून जाऊ नका. एकदम वाढलेल्या तंतूंशी (फायबरशी) आतड्यातले जिवाणू जुळवून घेत असतात. रोज थोडं थोडं वाढवलं तर त्याला दोन ते चार आठवडे लागतात. पण तुमच्याकडे तंतू येतात कच्च्या भाज्यांतून. ते निम्मे करा आणि शिजवलेलं खा. कडधान्य आठ ते बारा तास भिजवून ते पाणी फेकून द्या, कारण गॅस करणाऱ्या शर्करा काही प्रमाणात त्या पाण्यासोबत जातात. पहिला आठवडा अर्ध्या कपानं सुरू करा, सोललेल्या डाळी आणि टोफू आधी, छोले-राजमा नंतर. राजमा निदान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे. मंद आचेच्या भांड्यात नुसता ठेवून दिलेला राजमा पोटाला खरोखर विषारी ठरू शकतो, आणि मग दोष व्हीगन असण्यावर येतो.

कंसातल्या त्या वाक्याकडे जरा वळते: वजन उतरल्याचं बरं वाटलं. वाटणारच. पण स्वतःला एक विचारा. न खाण्याच्या गोष्टींची यादी प्राण्यांपाशी थांबते आहे, की तेल, साखर, भात असं करत ती लांबतच चालली आहे? चुकून काही खाल्लं तर वाईट वाटतं, की धडकी भरते? दोन्हींचं उत्तर दुसरं असेल तर हा प्रश्न व्हीगन असण्याचा राहत नाही, आणि तो आहारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाजवळ बोलायला हवा. नसेल तर जेवणात दोन चमचे तेल आणि मधल्या वेळी शेंगदाण्याचं लोणी लावलेला पाव बिनदिक्कत घ्या. तेवढ्यानं रोजच्या तुटलेल्या कॅलरी जवळपास भरून निघतात.

आता माणसं. ‘प्रोटीनचं काय?’ एवढा टोचतो, कारण त्याचं उत्तर आतापर्यंत तुमच्याकडेही नव्हतं. विचारणारा आगाऊ असेल, पण यावेळी तो बरोबर होता. ताट सुधारल्यावर याच प्रश्नाला ‘डाळ, टोफू आणि सोयाचं दूध, साठ ग्रॅम होतात’ असं एका वाक्यात सांगता येतं आणि विषय तिथेच संपतो. लोक लांबण लावतात ती बचावाच्या सुराला.

सगळ्या प्रतिक्रिया तुम्ही ‘विरोध’ या एकाच खात्यात टाकल्यात, तेही तपासून पाहा. ऑफिसातला विनोद, नवऱ्याचं ‘अति’ आणि आईचं दुखावणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात खोली फारशी नाही. ‘आज पालक, उद्या कुरण’ असं काहीतरी हसून म्हणा आणि कामाचं बोला. रोज तोच माणूस तेच बोलत असेल तर चारचौघांत नको, एकटं गाठून सांगा: ‘पहिल्यांदा हसले, आता कंटाळा आलाय, थांबव.’ बहुतेकांना इतकं स्पष्ट कुणी सांगितलेलंच नसतं. आणि समोरचा मांस खात असताना, त्यानं स्वतःहून विचारलं तरी, कत्तलखान्याबद्दल बोलू नका. ‘जेवण झाल्यावर सांगते’ म्हणा. खरंच जाणून घ्यायचं असेल तर तो नंतर विचारेल. ज्याला फक्त वाद हवा होता तो विसरून जाईल.

नवऱ्याशी तत्त्वावर बोलण्यापेक्षा स्वयंपाकघरावर बोला. घरात शिजणारं रात्रीचं जेवण दोघांना चालेल असं करायचं का? त्याचं दूध-अंडी फ्रिजच्या कुठल्या कप्प्यात? तवा वेगळा हवा की नीट घासलेला चालतो? बाहेर जेवायला गेल्यावर त्यानं काय खायचं यावर तुमचं काही म्हणणं असेल का? (नसावं, असं माझं मत.) ‘अति’ हा शब्द बऱ्याचदा याच प्रश्नांची उत्तरं न ठरल्यानं येतो, कारण पुढची मागणी काय असेल याचा त्याला अंदाज नसतो.

आईचं वेगळं आहे. तुम्ही दूध-अंडी नाकारलीत. तिला ऐकू आलं की तिचं जेवू घालणं नाकारलं. तिथे प्राण्यांबद्दलची माहिती कितीही अचूक असली तरी निरुपयोगी आहे. तिच्या हातच्या पदार्थांची यादी करा, त्यातले तीन-चार तरी मुळातच व्हीगन निघतील. तेच मागून घ्या, नाव घेऊन, ‘तुझ्या हातचं ते करशील का’ म्हणून. मग एक-दोन असे घ्या ज्यांत फक्त लोण्याऐवजी तेल घालायचं आहे, आणि ते तिच्या शेजारी उभं राहून करा, शिकवायला नव्हे, चिरून-ढवळून द्यायला. तिच्या केकमधल्या एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून चालते. ताकाऐवजी कपभर सोयाच्या दुधात चमचाभर व्हिनेगर. दोन अंड्यांपर्यंत हे जमतं. अंड्यांवरच फुगणारा केक असेल तर नाद सोडा, तो फसेल आणि खापर तुमच्या निर्णयावर फुटेल. तुमच्या तब्येतीची तिची काळजीही खोटी नाही, चार किलो तिलाही दिसलेत. रिपोर्ट आले की तिला दाखवा, कमी आलेला आकडासुद्धा, आणि त्यावर काय करताय तेही.

मनात एक परीक्षा चालू आहे असं पत्र वाचताना जाणवतं, जणू एकदा चुकलं की नापास. व्हीगन सोसायटी १९४४ साली इंग्लंडमध्ये स्थापन झाली, आणि तिच्या आजच्या व्याख्येतसुद्धा ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं’ असे शब्द आहेत. औषधाच्या गोळीत लॅक्टोज किंवा कॅप्सूलला जिलेटिन असेल तर औषध बंद करायचं नाही. डॉक्टरांना पर्याय विचारायचा, नसेल तर गोळी घ्यायची. पाकिटावर ‘दुधाचा अंश असू शकतो’ ही सूचना ॲलर्जी असलेल्यांसाठी असते, ती तुम्ही सोडून देऊ शकता. उलट ‘नॉन-डेअरी’ लिहिलेल्या कॉफी पावडरीत सोडियम केसिनेट, म्हणजे दुधाचंच प्रोटीन, असू शकतं, घटक वाचा. आणि कुणी न कळत लोणी घातलेलं वाढलं, तुम्हाला ते दोन घासांनंतर कळलं, तर काय करायचं ते आजच ठरवून ठेवा. ताट बाजूला ठेवायचं की संपवायचं, दोन्ही चालेल. ऐन वेळी सगळ्यांसमोर ठरवायला गेलं की रडू येतं.

बाहेर जेवायला जाताना गर्दी नसलेल्या वेळी आधी फोन करा आणि ‘व्हीगन काही आहे का’ असं न विचारता ‘यात लोणी, मलई, अंडं, मध आहे का, सूप कशाच्या पाण्यात केलंय’ असं विचारा. ‘मला ॲलर्जी आहे’ असं खोटं मात्र सांगू नका. स्वयंपाकी त्यासाठी भांडी बदलतो, मग तुम्ही शेजारच्याचा केक चाखताना दिसलात की पुढच्या, खरोखर ॲलर्जी असलेल्या माणसाचं तो गांभीर्यानं घेत नाही.

राहिलं भावाकडचं जेवण. जा. तीन-चार दिवस आधी त्याला किंवा वहिनीला फोन करा. काय चालत नाही याची यादी एका ओळीत, काय चालतं याची तीन ओळीत, आणि ‘मी एक पदार्थ आणते’ हे लगेच. तो पदार्थ डाळ-टोफूसारखा भरीव असू द्या, साधं सॅलड नको. आणि दहा जणांना चाखता येईल एवढा, छोट्या डब्यात फक्त तुमच्यापुरता नाही. वेगळा डबा उघडला की सगळ्यांचं लक्ष तुमच्याकडे जातं. भांडं टेबलावर मधोमध असलं की ते बाकीच्यांतलं एक भांडं होतं. निघण्यापूर्वी घरी पावाला शेंगदाण्याचं लोणी लावून खा. आणि तिथे कुणी प्रोटीनबद्दल विचारलंच, तर आपल्या भांड्यातलं एक वाढप त्याच्या ताटात घाला.